मिशीचा कलप

वाचनालयातल्या कामगार मित्रांनो, आज दुपारी गिरणीत जे पाहिलं ते लिहून इथल्या फळ्यावर लावतोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

माझ्या शेजारच्या मागावरचे नरसय्यामामा साठीच्या पुढचे. म्हातारा दिसला की काम जातं, म्हणून आमच्याकडे बरेच जण मिशीला कलप लावतात. मामांनी आज घाईत तो नीट वाळू दिला नाही. खात्यातल्या दमट उकाड्यात घामाबरोबर कलप ओघळला आणि पांढऱ्या कापडावर काळे थेंब पडले. कापड धुऊन निघालं असतं की! माणसं ठेवणाऱ्या-काढणाऱ्या मुकादमानं, आमच्या जॉबरनं, मामांना कायमचं घरी पाठवलं.

फाटकापर्यंत मी सोबत गेलो. धीर द्यायचा म्हणून पेपरात वाचलेलं सांगितलं. जर्मनीत म्हातारपणासाठी कामगार आणि मालक दोघंही पैसे भरतात, विलायतेत सरकार पेन्शन देतं.

मामा थांबले. "तितं पेन्शन मिळायला काय करावं लागतंय?"

"वय झालंय हे दाखवावं लागतं."

"नुसतं दाखवायचं?" असं म्हणत मामांनी सदऱ्याच्या बाहीनं मिशी खसाखसा पुसली. आतून पांढरीशुभ्र निघाली.

तुमच्या खात्यात अशा काळ्या मिशा किती आहेत?