आतोबांचा अक्रोड

मालवणात कडाक्याची थंडी पडते असं मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्येचा नवरा निघाला. आमच्याकडे पौषातल्या सकाळी खांद्यावर पंचा टाकला की थंडीचा मान राखला, असं समजतात. आतोबा मात्र मार्गशीर्ष लागला की कुडाळच्या बाजारातून गोणपाटं आणायचे आणि परसातल्या फणसाला, आंब्याला, दारच्या बकुळीला पुरुषभर उंचीपर्यंत गुंडाळून सुंभाने आवळून टाकायचे. वाटेने जाणारे थांबून बघत. एकाने कुंपणाबाहेरून विचारलं, "काय हो, फणसाक ताप इलो काय?" आतोबा गाठ मारता मारता म्हणाले, "दिसाक उनान साल तापता, रातीक गारठता, मगे उभी फुटता. तुका खंयचा कळतला!" माझ्या वडिलांनी एकदा धीर करून सांगितलं, की मालवणात थंडीने गोठतं ते फक्त खोबरेल तेल. आतोबांनी तेच धरलं. "तेल गोठता ना? मगे झाडाच्या आंगातल्या रसान काय पाप केल्यान?" वडील खांद्यावरचा पंचा सावरत आत गेले. घरच्या जावयाशी वाद कोण घालणार!

खरं तर आतोबांचा दोष एवढाच, की ते परत आले तेव्हा हवामान बरोबर घेऊन आले. विसाव्या वर्षी, आत्येला घरीच ठेवून, ते मुंबईहून एका साहेबाबरोबर बटलर म्हणून उत्तरेला गेले, ते कुल्लूच्याही पलीकडे, बर्फाच्या डोंगरांआडच्या एका कोरड्या खोऱ्यात पोचले. साहेब वर्षभरात कंटाळून उठून गेला. आतोबा तिथल्या सरकारी बंगल्याचे माळी झाले आणि तीस वर्षं राहिले. तिथे पावसाचा पत्ता नाही आणि थंडी हाडं फोडणारी. बंगल्याभोवतीची जुनी झाडं माणसाने जगवली तरच जगायची. पन्नास सालच्या सुमारास ते कायमचे घरी आले तेव्हा सामानात एक पहार, एक करवत आणि लोकरीची कानटोपी होती. ही कानटोपी ते मे महिन्यात तेवढी काढत, तीही दुपारी. आत्येचं घर आमच्या घराला लागून आणि परस दोघांचं एकच, त्यामुळे आमची झाडंही आपोआप त्यांच्या अमलाखाली आली.

आमचा पाऊस त्यांना कधी पटलाच नाही. श्रावणात परसात घोटाभर पाणी साचलेलं असायचं, आणि आतोबा छत्री घेऊन बाहेर पडत, आंब्यापासून मोजून दहा पावलं दूर जात, पहार जमिनीत खुपसत, बाहेर काढून तिच्या टोकाला बोट लावत आणि गंभीरपणे जाहीर करत, "ओल बरी आसा." मुसळधार कोसळायला लागला की एका लांब काठीला फडकं गुंडाळून ते प्रत्येक फांदी खालून हळूहळू वर उचलून हलवत. तिकडे साचलेल्या बर्फाने फांदी मोडू नये म्हणून असं करतात म्हणे. "पण आतोबा, इथे बर्फ कुठे आहे?" मी ओसरीवरून ओरडलो, तर फांदीवरचं सगळं पाणी अंगावर घेत ते म्हणाले, "पाण्याक काय वजन नसता?" माडांबद्दल तर बोलायलाच नको. ज्या गावाचं सगळं माडावर चालतं त्या गावात, एका लागत्या माडाच्या बरोबर खाली उभं राहून ते म्हणाले होते, "माड म्हणजे झाड न्हय, खांब. तेका फांदी खंय आसा?" माडाने हे ऐकून घेतलं आणि डोक्यात एकही नारळ टाकला नाही, हा माडाचा मोठेपणा.

हसणारे हसत, पण अडलं की त्यांच्याकडेच येत. आमच्या फणसाची एक जाडजूड फांदी घराच्या कौलांवर वाकली होती. गडी कुऱ्हाड घेऊन चढणार, तेवढ्यात आतोबा आडवे आले. त्यांनी स्वतः शिडी लावली. फांदी आधी खालून थोडी कापली, मग वरून, मग उरलेला खुंट बेताने उतरवला. ना साल फाटली, ना एक कौल फुटलं. दोन वर्षांत ती जखम कडेकडेने भरत आली. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं, की हा माणूस वेडा असेल, पण त्याच्या हाताला वेड लागलेलं नाही.

त्यांचा जीव मात्र आमच्या फणसात नव्हता. तो त्या बंगल्याच्या दारातल्या एका म्हाताऱ्या अक्रोडात अडकला होता. निघताना त्यांनी तो अक्रोड एका नव्या माळ्याच्या हाती सोपवला होता. माळी मैदानी मुलखातला, बर्फ कधी न पाहिलेला. महिन्याभरात झाडाची खुशाली कळवतो, असं त्याने कबूल केलं होतं. महिना गेला, वर्षं गेली, पत्र नाही. आतोबांना अक्षरओळख नव्हती. मी शाळामास्तर आणि हिंदीच्या परीक्षा दिलेला, म्हणून दर महिन्याला एक कार्ड लिहिणं माझ्याकडे आलं. ते मालवणीत सांगत, मी हिंदीत उतरवी. "लिव, झाडाचा तोंड बुंध्याकडे नसता. फांदीची सावली जंय सरता थंय पाणी घाल. जमीन गोठायच्या आदी घाल. आणि येक वळ लिवन कळव, झाड बरा आसा काय." हे ऐकून आत्या आतून म्हणे, "तीस वर्सांत माका येक कागद घालूक नाय ह्येंनी! सवत माणूस असती तर भांडूक तरी गावला असता."

असं दहा वर्षं चाललं. मग एका हिवाळ्यात दम्याने आतोबांना अंथरुणाला खिळवलं. ओसरीवर खाट टाकली होती. अकराच्या सुमारास पोस्टमन कुंपणाशी दिसला की ते मान उचलत आणि तो पुढे गेला की मान खाली ठेवत. ते मान खाली ठेवणं मला बघवेना. शेवटी माघात मीच एक कार्ड घेतलं आणि त्या माळ्याकडून आल्यासारखं हिंदीत पत्र लिहिलं. दहा वर्षं त्या झाडाबद्दल लिहीत होतो, माझं काय चुकणार होतं! पोस्टमन वाटेत भेटला असं ठोकून देऊन मी ते मालवणीत वाचून दाखवलं. तुमची सगळी पत्रं मिळाली, उशिराबद्दल माफी असावी. अक्रोड उत्तम आहे. गेल्याच आठवड्यात कडेकडेने पाणी घातलं. पानं हिरवीगार आहेत आणि खाली दाट सावली पडते.

"परत वाच," आतोबा म्हणाले. मी परत वाचलं.

"सावली दाट पडता म्हणता?"

"होय."

ते जरा हसले. "माघात अक्रोडाक येक पान नसता रे, मास्तरा. सगळी कदीच झडलेली असतत. आणि जमीन अशी गोठता की पहार सुदा आत जाणा नाय. पाणी खंय घालतलो तो?"

समोर आमचा फणस हिरवागार उभा होता. माघात झाड कसं दिसतं, हे मी त्याच्याकडे बघून लिहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

"पत्र लिवणारो माणूस बरो आसा," ते म्हणाले. "फकत तेणी झाड बघूक नाय. उत्तर लिव तेका."

मी कोरं कार्ड घेतलं. दम लागत होता, म्हणून ते थांबत थांबत सांगत होते. "तुझा पत्र पावला. मनाक बरा वाटला. पानां नसली म्हणान भिया नको. थंडीत झाड निजता, मरणा नाय. वैशाखात बघ, फुटता."

"पत्ता नेहमीचाच घालू?" मी खाली बघतच विचारलं.

"नको. तुझ्याकडेच ठेव."

वैशाखापर्यंत आतोबा राहिले नाहीत. ते गेल्यावर मला वाटलं होतं त्यापेक्षा मी फार रडलो. पुढच्या कार्तिकात पोस्टात काही कामासाठी गेलो होतो, तिथेच उभ्या उभ्या एक कार्ड विकत घेतलं आणि त्या बंगल्याच्या पत्त्यावर लिहिलं, की जमीन गोठायच्या आधी अक्रोडाला पाणी घाला. खाली सहीसाठी माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, ते खोडलं. मग आतोबांचंच नाव घातलं आणि कार्ड पेटीत टाकलं.