खंडेनवमीला घासलेली नळी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दसऱ्याचा राग नाकावर नव्हता, पोटात होता, आणि तो अजून तिथेच आहे.

मी रायफली साफ करायच्या सळया बनवते. आयटीआयला टर्नर झाले, नवरा मुंबईला नोकरीला, म्हणून घरामागच्या मांगरात, गवत-लाकडं ठेवायच्या खोपटात, लेथ मशीन टाकलं. बाईमाणूस आणि लेथ, याचं लोकांना हसू येई. येऊ दे. नेमबाजीच्या क्लबातली मुलं येतात, रानडुकरांपायी परवाना काढलेले बागायतदार येतात. प्रत्येक नळीचं माप वेगळं. त्या मापाची सळई, टोकाला पितळेचं बोंड, त्यावर चिंधी गुंडाळायची. पितळ अशासाठी, की रायफलीच्या नळीत आतून वळत गेलेल्या बारीक खाचा असतात. त्या गोळीला फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. तिथे लोखंड घासलं की संपलं. हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. घरातही सांगितलं होतं. ऐकतो कोण?

माझी लेक कॉलेजात आहे, छऱ्याच्या रायफलीने नेमबाजी करते. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात राज्याच्या संघाची निवड होती. त्यासाठी वर्षभर ती पडवीच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या कागदावर नेम धरत होती. गणपतीत आरतीला उभी राहिली तरी तिचा डावा हात रायफल पेलल्यासारखा दुमडलेला असायचा.

खंडेनवमीला मी राजापूरला गेले होते, एकाच्या बंदुकीचं माप घ्यायला. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, कोयत्या, पारय म्हणजे पहार, माझे पाने, सगळं. हे काम माझ्या थोरल्या दिरांचं. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाची जुनी ठासणीची बंदूक आहे. तिची नळी आतून गुळगुळीत, खाचा नाहीतच. तिला ते लोखंडी गजाला काथ्या गुंडाळून, चिंच नि राख लावून खसाखसा घासतात, आणि तिला काही होत नाही. त्या वर्षी बंदूक घासून झाली आणि त्यांनी तिच्या शेजारी ठेवलेली लेकीची रायफल उचलली.

संध्याकाळी मी आले तर रायफल पाटावर, कुंकू लावलेली, नळीच्या तोंडात झेंडू. मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, ही आमची रीत, म्हणून मी नळीत पाहिलंही नाही. त्यामुळे आतली आंबट राख तशीच मुरत राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक मांगरात आली. हातात नेमाचा कागद होता.

"आई, माझा नेम गेला."

छरे कागदभर विखुरले होते. तास दोन तास ती स्वतःलाच दोष देत उभी होती. मी बॅटरी घेऊन नळीत पाहिलं. तोंडाची कड झिजलेली, खाचा बोथट, त्यांत राखेचा चिखल. तळपायाची आग मस्तकात गेली.

दिरांना विचारलं तर केवढं कौतुक त्यांना स्वतःचं! म्हणाले, तुझी ती नाजूक सळई पाहिली, तिने काय मळ निघतोय, मी आपला गज घातला. मी तोंड उघडणार तोच लेकीने माझा हात दाबला. रात्री नवऱ्याने फोनवर मलाच समजावलं, थोरले आहेत, प्रेमाने केलं त्यांनी. प्रेमाने! मग नळी पण प्रेमाने आणून द्या म्हणावं. ती परदेशातून यायची, महिने जाणार.

लेक क्लबातली जुनी रायफल घेऊन गेली. ती तिच्या खांद्याला लांब पडायची. निवड झाली नाही. एसटीने परत आली, बॅग कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. आम्ही दोघी मूग गिळून बसलो. मला एकेक घास कडू लागत होता.

दिवाळीच्या फराळाला घरापुढच्या खळ्यात, अंगणात, शेजारीपाजारी बसले होते. कोणीतरी निवडीचं विचारलं. दीर चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "मी स्वतः घासून लखलखीत करून दिली होती रायफल. पोरीचंच मन थाऱ्यावर नाही, त्याला कोण काय करणार?"

मी उठलेच होते. पण त्याआधी लेक बोलली. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"काका, माझा नेम बरोबर होता. नळी तुम्ही घालवलीत."

दिरांनी चकली ताटलीत ठेवली. मग तेव्हाच का नाही बोललात, असं त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते माझ्याकडे बघून.

"आई आधीपासून सांगत होती," लेक म्हणाली. "तिची सळई तुमच्या हातात होती, काका. तुम्ही ती बाजूला ठेवून गज घेतलात."

ते उठून आत गेले. नवी नळी अजून आलेली नाही.