खड्ड्याशेजारच्या विहिरीचं पाणी

बारामतीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी काम करते. एकदा बावड्याकडचे एक आबा विहिरीचं पाणी घेऊन आले. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली होती. टेबलावर ठेवल्यावरही त्यांनी तिच्यावरचा हात काढला नाही.

"बाई, प्लास्टिक कुजत न्हाय म्हणत्यात. मग पाण्याला वास कशाचा येतोय?"

विहिरीशेजारच्या खड्ड्यात त्यांनी वर्षानुवर्षं पिकाखाली अंथरायचा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, ठिबकच्या फाटक्या नळ्या पुरल्या होत्या.

"मीच पुरलं," ते हळू आवाजात म्हणाले. "वाटलं, रान स्वच्छ झालं."

मला उत्तर ठाऊक होतं. प्लास्टिक कुजत नाही, पण ते मऊ राहावं, उन्हात टिकावं म्हणून त्यात मिसळलेली रसायनं हळूहळू सुटतात आणि पाण्याबरोबर जमिनीत मुरतात. ती तपासायची सोय मात्र आमच्याकडे नाही. आम्ही क्षार वगैरे बघतो. त्यांच्या अहवालात सगळं ठीक आलं.

आठवड्यानं अहवाल न्यायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "मंजी नातीला पाजायला हरकत न्हाय?"

मागं रांग होती. मी नुसती होकारार्थी मान हलवली. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

अर्जावर त्यांचा फोन नंबर आहे. मी अजून फोन केलेला नाही.