एजवेअर राज्य झालं त्याची हकिकत

आमच्या मराठी मंडळाने अमेरिकन पद्धतीचं संघराज्य व्हायचं ठरवलं, ते लीड्सच्या डॉक्टरताईंमुळे. मी मंडळाची सेक्रेटरी. मंडळ स्वतःला सगळ्या इंग्लंडचं म्हणवत असे, पण गणपती लंडनच्या एजवेअरला, दिवाळी एजवेअरला, हळदीकुंकूही एजवेअरलाच. आमचे अध्यक्षकाका एजवेअरला राहत आणि त्यांना मोटरवेवर गाडी चालवायला आवडत नसे, एवढंच त्यामागचं धोरण.

डॉक्टरताई लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ. त्या दर वर्षी मीटिंगला यायच्या आणि एकच मागायच्या: मंडळाने बुद्धपौर्णिमा साजरी करावी. काका दर वर्षी प्रेमाने सांगत, "कल्पना उत्तम आहे हो, पण आपलं मंडळ सांस्कृतिक. त्यात धर्म आणायला नको." हे ते गणपतीच्या आरतीसाठी टाळ मोजताना सांगत.

शेवटी ताई म्हणाल्या, "ठीक आहे. मग लीड्स वेगळं मंडळ काढेल."

"आम्हीपण," हाउन्सलोचे दादा म्हणाले. ते एअरपोर्टवर कार्गोमध्ये होते आणि त्यांना कुठूनही बाहेर पडायला कुठलंही कारण चालत असे.

काका हादरले. ते नुकतेच न्यूजर्सीला मुलाकडे राहून आले होते. "फुटता कशाला? अमेरिकेसारखं करू," ते म्हणाले. "राज्यं वेगळी, देश एक. बघा, काय ताकद आहे त्या देशाची!" माझी मुलगी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, पॉलिटिक्स शिकत होती. पुढच्या मीटिंगला तिने सगळं समजावून सांगायचं असं ठरलं. तिचं मराठीही सुधारेल, असं काकांचं म्हणणं.

"फेडरलिझम म्हणजे पॉवर दोन ठिकाणी राहते," लेक उभी राहून सांगू लागली. "थोडी सेंटरकडे, थोडी स्टेट्सकडे. आणि सेंटर स्टेटला बंद नाही करू शकत. इकडे यूकेमध्ये पार्लमेंटला वाटलं तर ते कुठल्यापण कौन्सिलला बंद करू शकते. सो, आत्ता आपला मंडळ यूकेसारखी आहे."

"आपलं मंडळ यूकेसारखं आहे," काकांनी व्याकरण सुधारलं. अर्थाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

मग तिला प्रत्येकाने आपापली विचारसरणी विचारली, जत्रेत हात दाखवावा तशी. काका कन्झर्वेटिव्ह निघाले, कारण जे चाललंय ते चालू द्यावं असं त्यांना वाटे. सगळ्यांच्या पुरणपोळ्या एकाच आकाराच्या हव्यात म्हणणाऱ्या मावशी सोशलिस्ट. दादांना कुठलीच कमिटी, कुठलीच ड्यूटी नको असायची, म्हणून ते लिबर्टेरियन.

"असं होय?" दादा खूश झाले. "मला वाटायचं मी आळशी आहे."

मग अधिकारांची वाटणी झाली. भारतातून कलाकार बोलावणं हा परराष्ट्र व्यवहार, तो केंद्राकडे. गणपतीची मूर्तीही केंद्राकडे. हळदीकुंकू आणि कोजागिरी राज्यांना. सगळे चहाला उठणार, तेवढ्यात ताईंनी विचारलं, "जे यात कुठेच लिहिलेलं नाही, ते कोणाचं?"

"अर्थात केंद्राचं," काका म्हणाले.

"भारतात तसंच आहे. आमच्या घरी दर रविवारी बाबा आम्हा भावंडांना राज्यघटना वाचून दाखवायचे, त्यामुळे तेवढं पाठ आहे. पण तुम्ही अमेरिका म्हणालात."

सगळ्यांनी माझ्या लेकीकडे पाहिलं. "अमेरिकेत उरलेलं सगळं स्टेट्सकडे जातं," ती म्हणाली.

बुद्धपौर्णिमा कुठेच लिहिलेली नव्हती. काकांचा चेहरा पडला, पण न्यूजर्सीचं इतकं कौतुक केल्यावर आता माघार कशी घेणार? उरलीसुरली शान राखायला ते म्हणाले, "एक मात्र लिहून घ्या. एजवेअर राजधानी. राजधानी कुठल्या राज्यात नसते. आपण सगळ्यांच्या वर!" एजवेअरकरांनी टाळ्या वाजवल्या. लेकीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर झुम्बा क्लासच्या बायका हॉल रिकामा व्हायची वाट बघत होत्या. आम्ही खुर्च्या गोळा केल्या.

लीड्सने बुद्धपौर्णिमा केली. एजवेअरला कधी न फिरकलेली तरुण मुलं तिथे खीर वाढत होती, आणि हॉलमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. मला आनंद झाला आणि जरा लाजही वाटली. हाउन्सलोने कमिटीच बरखास्त केली. त्यांच्या कोजागिरीला कोणी काय आणायचं हे कोणीच ठरवलं नाही, आणि सगळ्यांनी क्रिस्प्सची, म्हणजे वेफर्सची, पाकिटं आणली. दूध कोणाकडेच नव्हतं. दादा म्हणाले, स्वातंत्र्यात एवढं चालायचंच.

पुढे दिवाळी कुठे करायची यावर मतदान आलं. एजवेअरचे सगळे हात वर गेले. सेक्रेटरी म्हणून मला सांगावं लागलं, की मत फक्त राज्यांना आहे, आणि राज्यं दोनच, लीड्स आणि हाउन्सलो.

"म्हणजे?" काका म्हणाले.

"वॉशिंग्टनसारखं, काका," लेक म्हणाली. "तिकडे लोक राहतात, टॅक्स भरतात, पण सेनेटमध्ये त्यांचं कोणीच नाही. मी त्या दिवशी सांगणार होते."

दिवाळी लीड्सला गेली. एजवेअरमध्ये असा संताप मी कौन्सिलने घरासमोर पार्किंग परमिट सक्तीचं केलं तेव्हाही पाहिला नव्हता. काकांनी आंदोलन उभं केलं. एजवेअरला राज्याचा दर्जा मिळालाच पाहिजे! त्यांनी केंद्राच्या अध्यक्षांना, म्हणजे स्वतःला, कडक शब्दांत निवेदन दिलं. दुसऱ्या दिवशी मला फोन करून म्हणाले, "अध्यक्षांतर्फे त्यांना कळवून टाका, की विचार चालू आहे."

"कोणाला, काका?"

"मला."

निवेदनाचा काही उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी अध्यक्ष उदासीन असल्याची तक्रारही केली. मनापासून केली. घसा बसेपर्यंत बोलले.

दिवाळीला आम्ही सगळे भाड्याच्या बसने लीड्सला गेलो. ताईंनी फराळाआधीच एजवेअरचा ठराव मांडला. "मत नसताना मंडळात राहणं काय असतं, ते आम्हाला चांगलं माहीत आहे," एवढंच त्या म्हणाल्या. दोन्ही राज्यांनी हात वर केले. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे केंद्राचा राजीनामा दिला आणि एजवेअरचं अध्यक्षपद स्वीकारलं. केंद्राची खुर्ची कोणालाच नको होती. ती ताईंकडे गेली.

परवा ताईंनी काकांना फोन केला, की यंदाचा गणपती सगळ्यांनी मिळून करू या का. मी शेजारीच बसले होते. "हा राज्यांचा विषय आहे," काका म्हणाले. "केंद्राने ढवळाढवळ करू नये." पलीकडून ताईंचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं.

सध्या काकांना वेगळीच काळजी आहे. शेजारच्या मिल हिलच्या तीन कुटुंबांना एजवेअर राज्यात घुसमट होते आहे. काका त्यांना फुटीरवादी म्हणतात.