तात्यांनी माझा जुनिपर उभा केला

माझ्या सासरी, अंथुर्ण्यात, आडवं पडलेलं पीक कुणालाच बघवत नाही. हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं!

गोष्ट एसटीडी बूथच्या काळातली. मी मूळची पुण्याची. लग्नानंतर गावच्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हा मैत्रीण शुभदा म्हणाली, "उसाच्या फडात तू कसली बाग करणार?" ते मला फार लागलं. हट्टानं पुण्याच्या नर्सरीतून जुनिपर आणला. हे झुडूप उंच वाढतच नाही. सतरंजीसारखं जमिनीवर पसरतं आणि बारा महिने हिरवंगार राहतं. मी त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. (नवऱ्याला इतकं जपलं असतं तर तोही पसरला असता.) अंगण झाकलं गेलं आणि मी बूथवर धावले. "शुभदा, ये! आणि कॅमेरा आण!"

सासरे, म्हणजे तात्या, मात्र रोज चहा पिताना त्याच्याकडे बघून उसासे टाकायचे.

"सूनबाई, हे पडलंय."

"तात्या, ते असंच असतं."

"व्हय, व्हय. वाऱ्यानं ऊस पडला की आमी बी असंच म्हनतो."

रविवारी शुभदाला आणायला मी बारामतीच्या स्टँडवर गेले. परतताना एसटीत बागेचं इतकं वर्णन केलं की कंडक्टरनंही पत्ता विचारला.

घरी पोचलो, तर शेजारचे किसनराव फाटकात चिखलाचे हात धूत उभे.

"मास्तरीणबाई, काळजी करू नका. समदं उभं केलंय."

कुणाचा ऊस पडला की न बोलावता जायचं, चार-सहा ऊस एकत्र धरून पाचटानं, म्हणजे उसाच्याच वाळल्या पानांनी, बांधायचे, ही आमच्याकडची रीत. इथं तर तात्यांनी हाक मारली होती, त्यामुळे निम्मी आळी आली होती. जुनिपरच्या फांद्या वर ओढून पाचटानं करकचून बांधल्या होत्या. बुडाला मातीची भर, त्यावर युरिया, आणि वर मोटारीचं पाणी सोडलेलं! पहिलीतल्या मुलींना घट्ट शेंड्या घालून चिखलात प्रार्थनेला उभं करावं, तसं माझं अंगण दिसत होतं.

"हीच का ती सतरंजी?" शुभदानं विचारलं. तिची नवी सँडल चिखलात रुतली होती, तरी ती हसत फोटो काढत सुटली.

मला रडूच यायला लागलं. पदर खोचला आणि तिच्यादेखत एकेक शेंडी सोडायला घेतली. फांद्या पुन्हा जमिनीला टेकल्या तसा तात्यांचा चेहरा उतरला.

"अगं, उभं केल्यालं पीक कुनी पाडतं व्हय?"

किसनराव मान हलवत घरी गेले.

शुभदानं ते फोटो पुण्यात सगळ्यांना दाखवले, पण गावात माझं नाव त्याहून जास्त झालं. नातवाला शाळेत सोडायला आले की किसनराव नव्या पालकांना आवर्जून सांगायचे, "बाई शिकवायला झ्याक हायती. फकस्त रोप त्यांच्या हाती देऊ नका. उभं असलं तरी पाडत्यात."