शांताच्या पाठीमागे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो तर जाऊनही बरीच वर्षं झाली. आज लिहितानाही तीनदा पेन खाली ठेवलं. म्हातारपणाचं निमित्त सांगता आलं असतं — पण ही भीती आहे.

बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडच्या रस्त्याच्या कामावर आम्ही खडी फोडायचो. शांता आणि मी. दोघी अजून परकऱ्या पोरी. दुपारी कामावर वाटलेली सुकडी खाऊन झाली की बाभळीखाली आमचा खेळ चालायचा, शांतानंच काढलेला. मातीत किल्ला आखायचा, आपण लढवय्या बायका व्हायचं, आणि मधोमध फोडलेले चिंचोके हे फासे. पांढरी बाजू वर आली की वार लागला. ढाल घेतली तर एकच फेक. दोन्ही हातांत हत्यारं घेतली तर दोन — पण मग ढाल नाही, आणि मागं वळून बघायचं नाही. पाठ जोडीदारणीनं राखायची. शांता कायम दोन हत्यारं घ्यायची. पाठीला मी. चिंचोक्यांच्या लढाईत शूर व्हायला काय लागतं?

त्या वर्षी मेलेली गुरं ओढ्यात टाकायचे. ती खाऊन खाऊन कुत्र्यांची माणसाबद्दलची भीड चेपली होती. एका दुपारी आम्ही खडीच्या ढिगामागं काटक्या गोळा करायला गेलो, आणि एक कुत्रं समोर येऊन उभं राहिलं. गुरगुरलंही नाही. शांतानं एका हातात हातोडी घेतली, दुसऱ्यात बाभळीचा फोक.

"म्होरलं मी बघते. तू पाठ राख," ती म्हणाली. अगदी खेळातल्याच आवाजात. आणि तिनं मागं पाहिलं नाही.

दुसरं कुत्रं मला दिसलं होतं — हे लिहायचं म्हणूनच इतकं घोळवत बसले. ते मान खाली घालून येत होतं, माझ्याकडं नाही, तिच्याकडं. मला ते कळत होतं. "मागं बघ" एवढं तरी ओरडायला काय झालं होतं? मी वळले आणि हातापायांवर ढिगावर चढत सुटले. पायाखालची खडी धडाधड खाली घसरली. मागं शांता किंचाळली.

वर जाऊन पाहिलं तर दोन्ही कुत्री पळत होती. खडी अंगावर आली म्हणूनच पळाली असणार. शांताची पोटरी फाटली होती. मी खाली उतरले. चढताना धरलेला एक दगड अजून माझ्या मुठीत होता. तिनं त्या दगडाकडं पाहिलं.

"तू व्हतीस म्हनून वाचले गं."

मी तो दगड टाकला नाही.

नगरच्या दवाखान्यात पोटात सुया टोचताना तिला आई नको, मीच हवी असायची. मी हात धरायची. तिनं डोळे उघडले की मला वाटायचं — आता विचारेल, आता हिला आठवेल. तिनं कधीच विचारलं नाही.

परवा मी तिच्या घरी गेले, तर तिची नात मैत्रिणींबरोबर टेबलावर फासे टाकून असलाच काही खेळ खेळत होती. पोरीनं दोन तलवारी घेतल्या. शांता लंगडत तिच्यापाशी गेली.

"दोन घेतल्यास, मंग पाठीला कोन? आदी तसं मानूस बघ. मला ही व्हती."

एवढं बोलून, माझ्याकडं पाठ करून, ती चहा ठेवायला आत गेली. मी त्या पाठीकडं बघत राहिले. शांता, मी पळाले होते.