तुर्की गावाची भिंत आणि नावनचा पाऊस

मी तीन यत्ता शिकलो, पण मातीची घरं बांधण्यात चाळीस वर्षं घातली. त्यामुळे इथे आयर्लंडात, नावनला, सूनबाईकडे चहाला आलेल्या शेजारणीने भिंतीचा विषय काढला, तेव्हा मी टीव्ही बंद केला.

ही बाई कझाकस्तानची. जुनी गावं उकरून काढणं हा तिचा धंदा. तिकडे गवताळ माळावर तुर्की लोकांचं एक गाव सापडलं होतं, आपल्या देवगिरीच्या यादवांच्या वेळचं. कच्च्या विटांच्या भिंती, चुली, सगळं जागच्या जागी. हिवाळ्यापुरतं ते झाकून ठेवलं होतं. भिंती टिकवायला वरून काय लावायचं, हे तिला उन्हाळ्याआधी कळवायचं होतं. तिचा साहेब म्हणत होता, सिमेंट.

"सिमेंट? त्यापेक्षा पाडून टाका म्हणावं."

सूनबाई इंग्रजीत बराच वेळ गोड बोलली.

"मी एवढं कुठे बोललो?"

"अप्पा, पाहुण्यांना असं म्हणतात का?"

शेजारणीला मात्र माझ्या तोंडावरून कळलं. म्हणाली, दाखवा करून.

मागच्या अंगणात गुडघाभर उंचीच्या दोन भिंती घालायच्या ठरवल्या. गुलाबाच्या वाफ्यातली माती काढून विटा पाडल्या. वाळवायला ऊन कुठलं? कपडे सुकवायचं गरम कपाट असतं इथे, हॉट प्रेस म्हणतात, त्यात चळत लावली. सूनबाई मातकट शर्ट घालून ऑफिसला गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग माती, भुसा आणि तबेल्यातली लीद तुडवून आठ दिवस कचऱ्याच्या डब्यात मुरवली. तेव्हा सगळी गल्लीच बोलायची थांबली.

एका भिंतीला सिमेंट लावलं, दुसरीला माझा लेप. पंधरा दिवसांत पावसाने लेप ओघळायला लागला.

"अप्पा, तुमची भिंत रडतेय."

"रडू दे. मोकळी होतेय."

असं म्हणालो खरा, पण तेव्हापासून खिडकीकडे पाठ करून जेवायचो. सिमेंटची भिंत नवरदेवासारखी ताठ उभी होती.

वसंतात शेजारीण थापी घेऊन आली. तिने सिमेंटवर टकटक केलं. आवाज पोकळ आला. कोपरा उचकटला, तर कोंडलेल्या ओलीने आतल्या विटांचा शिरा होऊन तिच्या बुटांवर सांडला. सिमेंट उभं होतं, भिंत गेली होती. माझ्या भिंतीवर लेप नावाला उरलेला, पण आतल्या विटा कोनासकट शाबूत.

"लेप झिजायलाच असतो," मी म्हणालो, जणू एकही रात्र जागलो नव्हतो. "दरसाल नवा लावायचा. नाहीतर गवंड्याने खायचं काय?"

शेजारीण बरोबर जागी हसली. म्हणजे सूनबाईने या वेळी शब्द न शब्द सांगितला होता.

पत्र गेलं. साहेब कबूल झाला. महिन्याने शेजारीण सांगत आली, की तिचे लोक त्या माळाजवळच्या गावात लेपासाठी माणसं शोधायला गेले, तर तिथल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आमची घरं आम्ही दर उन्हाळ्यात अशीच लिंपतो, एवढ्यासाठी आयर्लंडला कशाला गेलात?



"सूनबाई, त्यांना कळव, हात खालून वर फिरवायचा."

"अप्पा, त्यांना ते येत असेल हो."

"असेल. तू कळव."